तुरीच्या शेतात मुरगळलेला पाय आणि दुसरा महिना

जानेवारीतला शेवटचा रविवार होता आणि आमच्या शेतात तुरीची सोंगणी चालली होती. यवतमाळ जिल्ह्यातली आमची जमीन भारी काळी आहे. पावसाळ्यात ती पायाला सोडत नाही आणि संक्रांत उलटली की तिला टाच मावेल एवढ्या भेगा पडतात. सोंगणीच्या बायांसाठी चहाची किटली घेऊन मी धुऱ्यावरून खाली उतरत होते. वाळलेल्या गवताखाली भेग होती, ती दिसली नाही. डावा पाय आत गेला, घोटा आतल्या बाजूला वळला आणि मी उजव्या कुशीवर पडले. पडता पडता उजव्या नडगीवर तुरीचा खुंट घासून गेला. विळ्याने तिरपा कापलेला खुंट किती धारदार असतो, हे शेतात वावरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नडगीवर वीतभर ओरखडा उठला आणि एका ठिकाणी कातडे फाटून रक्त आले.

त्या दिवशी मला सातवा आठवडा चालू होता. पाळी चुकून तीन आठवडे होत आले होते, घरच्या घरी लघवीची तपासणी केली होती आणि ही गोष्ट फक्त मला आणि यांना माहीत होती. आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलायचे नाही अशी रीत आहे. त्यामुळे पडल्याबरोबर माझा हात घोट्याकडे न जाता पोटाकडे गेला आणि कुणी पाहण्याच्या आत मी तो मागे घेतला. पुढच्या अठरा तासांत जे झाले ते त्या मागे घेतलेल्या हातामुळेच झाले असे मला आज वाटते, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहीत आहे.

बंडीत बसवून मला घरी आणले तोवर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली होती. पाय खाली सोडला की ठणका लागत असे. आमचे घर एकत्र आहे आणि शेजारही मायेचा आहे, त्यामुळे अर्ध्या तासात उपायांची रीघ लागली. शेजारच्या काकूंनी बाम आणला. यांनी काही विचार न करता कपाटातला दुखण्यावरचा स्प्रे घोट्यावर मारला. जाऊबाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडून तीन गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हणाल्या, "एकच घेऊन पाह्य, सकाळी चालाले लागशीन. मी कापूस वेचून आली का हेच घेतो."

ती पट्टी मी हातात घेतली. गावातल्या दुकानात गोळ्या सुट्या विकतात; दुकानदार कात्रीने दोन-तीन गोळ्यांचा तुकडा कापून देतो आणि नाव, तारीख, घटक हे सगळे बहुधा दुसऱ्याच तुकड्यावर राहून जाते. या तुकड्याच्या मागच्या चंदेरी कागदावर अर्धवट अक्षरे होती. एका ओळीत 'फेनॅक १०० मि.ग्रॅ.' एवढेच उरले होते, त्याखाली 'पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ.' पूर्ण वाचता येत होते आणि डाव्या कडेला लाल उभी रेघ होती. पॅरासिटामॉल हे नाव ओळखीचे असल्यामुळे मी गोळी जवळजवळ तोंडात टाकली होती. वरच्या अर्धवट शब्दाने मला अडवले, कारण तो काय आहे हे मला कळेना. नंतर समजले की तो ॲसिक्लोफेनॅक होता, म्हणजे गरोदरपणात ज्या गटापासून दूर राहायचे नेमक्या त्याच गटातले औषध, आणि लाल रेघेचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नये असा होता. जाऊबाईंचा त्यात काडीचाही दोष नव्हता. ज्या बाईला माझी अवस्था ठाऊकच नाही, ती बिचारी दुसरे काय देणार?

सासूबाईंना गोळ्या मुळातच आवडत नाहीत. त्यांनी हळद आणि तुरटी गरम करून लेप तयार केला. घोट्यावर तो लावला त्याचे मला काही वाटले नाही, परंतु तीच हळद त्या नडगीच्या उघड्या जखमेवर दाबायला निघाल्या तेव्हा मी पाय ओढून घेतला. जखम फक्त साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन काढली आणि स्वच्छ कापड बांधले. एवढे एक काम मी त्या संध्याकाळी बरोबर केले.

रात्री आठ वाजता यांनी मला मोटारसायकलवर बसवून जवळच्या मोठ्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात नेले. बाकावर आमच्या गावचे तिघेजण बसलेले होते, त्यात सासऱ्यांचे एक स्नेहीही होते. डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच पाय पाहिला, 'मुरगळला आहे' म्हणाले आणि कंपाउंडरला खूण केली. पाळी केव्हा आली होती, दिवस गेले आहेत का, दुसरे काही औषध चालू आहे का, यातला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. पडद्याआड कंपाउंडरने सुईत औषध भरले तेव्हा मी विचारले, "हे कशाचे?" तो म्हणाला, "दुखण्याचे आहे ताई, कमरेत देऊन टाकतो, रात्रभर झोप लागेल." रिकामी कुपी ट्रेमध्ये पडलेली होती. तिच्यावर डायक्लोफेनॅक लिहिलेले मी वाचले. पडदा पातळ होता आणि पलीकडे गावातली माणसे होती. तरीही त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द निघाले, "मला दिवस गेले आहेत."

कंपाउंडरने सुई खाली ठेवली. डॉक्टर आत आले आणि चिडून म्हणाले, "मग आधी सांगायचे ना." त्यांचे बोलणे खोटे नव्हते, मी आधी सांगायला हवे होते. परंतु तिशीतल्या विवाहित बाईला वेदनाशामक सुई टोचण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि तो प्रश्न त्यांनी चार माणसांच्या कानावर जाणार नाही अशा रीतीने विचारला असता तर मी नक्कीच उत्तर दिले असते. याबद्दल माझ्या मनात अजूनही राग आहे. त्यांनी दुसरे कुठलेही औषध दिले नाही, 'स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा' एवढेच सांगितले, आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

रात्री उपयोगी पडला तो बर्फ. आमच्या फ्रीजमध्ये बर्फ नव्हता. हे किराणा दुकानात गेले आणि मुले चोखतात त्या रंगीत बर्फाच्या सहा कांड्या घेऊन आले. त्या जुन्या सुती ओढणीत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे घोट्याला लावायच्या, मग काढून ठेवायच्या, दोन-तीन तासांनी पुन्हा लावायच्या. बर्फ उघड्या कातडीला टेकू द्यायचा नाही. दोन वाकळी दुमडून त्यांच्यावर पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवला. पहिल्या कांडीने घोटा बधिर होत गेला आणि दिवसभरात पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. पोटातल्या जिवापर्यंत काहीही न पोहोचता दुखणे कमी करणारा हा उपाय हाताशी असताना लोक त्याला उपायच का मानत नाहीत, हे मला उमगलेले नाही.

तरी मध्यरात्रीनंतर ठणका परत आला. घरात साध्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्या. मी शाळेत शिकवते आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीसाठी आणलेली एक नवी पट्टी माझ्याच पिशवीत होती. ती मी दोनदा काढली आणि दोनदा परत ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर बायांनी ही गोळी घेऊ नये, तिचा मुलांमधल्या ऑटिझमशी, म्हणजे स्वमग्नतेशी, संबंध आहे, असे जाहीरपणे म्हटले होते आणि त्या बोलण्याच्या चित्रफिती मराठीत भाषांतर होऊन आमच्या महिलांच्या गटापर्यंत आल्या होत्या. तेव्हा मी त्या पाहून सोडून दिल्या होत्या. रात्री दोन वाजता अंधारात पडल्या पडल्या मात्र त्यातला शब्द न् शब्द आठवला. बायका सहन करतात, मीही करीन, असे ठरवून मी पहाटेपर्यंत जागी राहिले. पोटात काही दुखते का, अंगावरून जाते का, हे पाहण्यासाठी चार वेळा लंगडत न्हाणीघरात गेले.

सोमवारी सकाळी मी आशाताईंना फोन केला. त्या दहा मिनिटांत आल्या, ओट्यावर बसल्या आणि सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "काहून नाही सांगतलं वं मॅडम मले? मी काय गावभर सांगत फिरतो काय?" त्यांचा आवाज मोठा आहे. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहतच राहिल्या. मी मान खाली घातली. मला वाटले त्या रागावतील, कारण सुनेने आधी सासूला सांगायचे असते. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि खूप वेळाने बोलल्या. यांच्या आधी त्यांना एकदा दिवस गेले होते, दोन महिन्यांचे असताना पडून गेले, आणि कुणालाच सांगितलेले नसल्यामुळे तिसऱ्या दिवशी त्या निंदणाला गेल्या होत्या. "माहीत असतं तं आत्याबाईनं घरी ठेवलं असतं मले," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट त्यांनी यांनाही कधी सांगितलेली नव्हती.

न सांगण्याच्या रीतीमागे काय असते ते मला तेव्हा समजले. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भ टिकला नाही तर लोकांना तोंड कसे दाखवायचे, या भीतीतून ही रीत आलेली आहे. परंतु नेमक्या याच आठवड्यांत बाळाचे हृदय, मणका, हातपाय, चेहरा हे सगळे घडत असते आणि चुकीच्या औषधाची सर्वांत जास्त भीतीही याच काळात असते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थॅलिडोमाइड हे औषध झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी निर्धोक म्हणून युरोपात सर्रास दिले गेले, आणि १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेतले गेले, तरी त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक मुले अपुऱ्या हातापायांची किंवा इतर व्यंगे घेऊन जन्मली. ती व्यंगे पहिल्या तिमाहीतल्या मोजक्या दिवसांत घेतलेल्या गोळ्यांमुळे आली होती. म्हणजे ज्या तीन महिन्यांत घरातल्या आणि दवाखान्यातल्या माणसांना ठाऊक असणे सर्वांत गरजेचे, तेच तीन महिने आपण झाकून ठेवतो. गावभर सांगू नये हे मला मान्य आहे. पण औषध देणाऱ्याला आणि घरात आपल्याला गोळी देऊ शकेल अशा प्रत्येक माणसाला सांगितलेच पाहिजे.

ऑटोरिक्षाने आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला पडदा लावलेल्या खोलीत नेले आणि पायाला हात लावण्यापूर्वी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. त्यानंतर पोटात मार लागला का, रक्तस्राव आहे का, पोटात कळा येतात का, चक्कर आली का, पूर्वीचा काही आजार आहे का, असे एकेक विचारून घेतले. सिकलसेलची तपासणी झाली आहे का हेही विचारले. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि सिकलसेलच्या रुग्णाचे हाडांचे दुखणे वेगळ्या रीतीने पाहावे लागते. माझी तपासणी लग्नापूर्वी झालेली होती आणि ती निर्दोष होती.

पोटातल्या बाळाची माझी भीती त्यांनी आधी दूर केली. सातव्या आठवड्यात गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत, कमरेच्या खोबणीत असते. साधारण बारा आठवड्यांनंतर ते वर येते. त्यामुळे कुशीवर पडल्याने, पाय मुरगळल्याने किंवा नडगी सोलवटल्याने बाळाला सहसा धक्का पोहोचत नाही. तरीही अंगावरून जाऊ लागले किंवा ओटीपोटात कळा सुरू झाल्या तर तडक यायचे, असे त्यांनी बजावले. माझा रक्तगट विचारून तो बी पॉझिटिव्ह असल्याची नोंद त्यांनी केली. आईचा रक्तगट निगेटिव्ह असला आणि रक्तस्राव झाला तर वेगळे इंजेक्शन द्यावे लागू शकते, म्हणून रक्तगट माहीत असलेला बरा, असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पाय तपासला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडा अंगठ्याने दाबत त्या वर गेल्या, पावलाच्या बाहेरच्या कडेचे आणि आतल्या बाजूचे हाड दाबले, आणि मला चार पावले चालायला लावले. दुखत होते, पण मी चार पावले टाकली आणि हाडावर दाबल्यावर कळ आली नाही. दुखत होते ते हाडाच्या पुढच्या मऊ भागात. त्यामुळे एक्स-रेची गरज नव्हती. मी न विचारताच त्यांनी पुढे सांगितले की गरज असती तर त्यांनी तो लगेच काढायला लावला असता, कारण घोट्याच्या एक्स-रेमध्ये किरणे पायावर पडतात आणि गर्भाशयापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. मोडलेले हाड बाळाच्या भीतीने तसेच ठेवणे हेच जास्त धोक्याचे आहे.

गोळीबद्दल बोलण्यात त्यांनी बराच वेळ दिला आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. गरोदरपणात साध्या दुखण्यावर आणि तापावर पॅरासिटामॉल हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे, आणि ते कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्यायचे आहे. माझे वजन त्यांनी केले. ते ४७ किलो भरले. त्यावरून त्यांनी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, गरज वाटली तरच, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून, दिवसाला जास्तीत जास्त चार, आणि तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत दाखवायचे, असे लिहून दिले. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा दोन्ही एकत्र घेऊन मात्रा दुप्पट होऊ द्यायची नाही, हेही सांगितले.

रात्री मनात आलेली भीती मी त्यांच्यापुढे बोलून दाखवली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले की त्या विधानानंतर जागतिक आरोग्य संघटनेने असा संबंध दाखवणारा निर्णायक पुरावा नसल्याचे स्पष्ट केले आहे, आणि २०२४ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केल्यावर गोळीचा आणि ऑटिझमचा संबंध उरला नाही. उलट अंगात ताप असताना किंवा रात्रभर तळमळत असताना काहीच न घेणे हेही बाळाच्या हिताचे नसते. "सहन करणे हा उपचार नाही," हे त्यांचे वाक्य मी त्यांच्यासमोरच चिठ्ठीच्या मागे लिहून घेतले.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड ही सूज उतरवणारी वेदनाशामके एकाच गोतावळ्यातली आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपाताशी त्यांचा संबंध असावा असे काही अभ्यास सांगतात, काहींना तसे आढळत नाही. मात्र पॅरासिटामॉल हाताशी असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही. पुढच्या महिन्यांबद्दल शंका कमी आहे. २० आठवड्यांनंतर ही औषधे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये तसा इशारा दिला आहे; आणि ३० आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी, ती वेळेआधी मिटण्याची भीती असते. जाऊबाईंच्या पट्टीसारख्या मिश्र गोळ्यांमध्ये ओळखीच्या पॅरासिटामॉलच्या आड हाच गोतावळा असतो. म्हणून दुकानात ब्रँडचे नाव न सांगता 'पॅरासिटामॉल ५००, दुसरे काही न मिसळलेले' असे म्हणायचे आणि पट्टी कापू न देता अख्खी घ्यायची.

यांनी मारलेल्या स्प्रेची कबुली मी भीत भीतच दिली, कारण त्यातही डायक्लोफेनॅक होते. कातडीतून रक्तात फार थोडे औषध उतरते, एकदा मारल्याने काही होत नाही, फक्त यापुढे नको, असे त्या म्हणाल्या. दिवस गेल्याचे कळण्याआधी एखादी अशी गोळी पोटात गेली असेल तरी घाबरून जाऊन काही टोकाचा निर्णय घ्यायचा नसतो, डॉक्टरांना सांगायचे असते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. अशा भीतीने आलेल्या बाया त्यांनी पाहिल्या आहेत. बामाबद्दल त्यांचे म्हणणे असे की त्यात ॲस्पिरिनच्या जातकुळीतले औषध असते, तेव्हा तो चोपडून मालिश करू नये. माझ्या मावसबहिणीला गरोदरपणात रक्तदाबाच्या कारणाने डॉक्टरांनी ॲस्पिरिनची लहान गोळी रोज दिली होती, ते मला आठवले. मी विचारले, तेव्हा कळले की ती अगदी कमी मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जाते, तिची गोष्ट वेगळी आहे आणि ती कुणी ऐकीव गोष्टीवरून बंद करू नये. हळदीच्या लेपाला त्यांची हरकत नव्हती, पण कातडे फाटलेले नसेल तिथेच.

नडगीच्या जखमेसाठी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असते. गरोदरपणात ते तसेही द्यायचेच असते, त्यामुळे जखमेचे आणि गरोदरपणाचे पहिले इंजेक्शन एकच झाले. दुसरे चार आठवड्यांनी घेतले. तिथेच माझी नोंदणी झाली, माता-बाल संरक्षण कार्ड मिळाले आणि रोज एक फॉलिक ॲसिडची गोळी सुरू झाली. लोहाची गोळी बारा आठवड्यांनंतर. तुरीचा खुंट लागला नसता तर नोंदणीला मी आणखी महिनाभर तरी गेले नसते.

घरी आल्यावर दोन घास भाकर खाऊन सकाळी अकरा वाजता पहिली गोळी घेतली. पाऊण तासाने ठणका उतरला आणि मी दुपारी तीन वाजेपर्यंत झोपले. शाळेच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी वेळा लिहीत गेले, ते पान अजून माझ्याकडे आहे: सोमवारी ११, संध्याकाळी ६, रात्री १, मंगळवारी सकाळी ८, दुपारी ४, रात्री १०.३०, बुधवारी रात्री १०. एकूण सात गोळ्या. वेळ लिहिण्याचा फायदा असा झाला की 'मघाशी घेतली का' हा संशय उरला नाही, आणि घड्याळात सहा तास झाले म्हणून घ्यायची असे न करता दुखते आहे का हे आधी स्वतःला विचारण्याची सवय लागली. रुंद इलॅस्टिकची पट्टी बोटांपासून वर घोट्याकडे बांधायची, बोटे निळी किंवा गार पडली तर सैल करायची आणि रात्री सोडायची, हे आशाताईंनी स्वतः बांधून दाखवले. बर्फ दोन दिवस चालू ठेवला. तिसऱ्या दिवसापासून बसल्या बसल्या पाय वर-खाली हलवायला सुरुवात केली, पाचव्या दिवशी अंगणात फिरले आणि बाराव्या दिवशी बूट घालून शाळेत गेले. चपलांनी घोट्याला आधार मिळत नाही, म्हणून साडीखाली बूट घातले. मुलांनी पाहिले, पण कुणी काही म्हटले नाही.

जाऊबाईंनी त्या सोमवारीच त्या तिन्ही गोळ्या माझ्यासमोर चुलीत टाकल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मी तुले इख देत होती का वं?" मी त्यांना जवळ घेतले. त्यांनी जे दिले ते प्रेमाने दिले होते, आणि त्यांच्यासाठी ते विष नव्हतेही. फक्त शेतातून रोज थकून आल्यावर त्या ज्या गोळ्या घेतात त्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकते, म्हणून त्यांनीही एकदा दाखवून घ्यावे असे मी म्हटले. त्या अजून गेलेल्या नाहीत.

आता मला सातवा महिना चालू आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिला मी जाते. मागच्या वेळी दोन दिवस डोके दुखत होते आणि मी घरी एक पॅरासिटामॉल खाऊन गेले होते. ते सांगितल्यावर डॉक्टर मॅडमनी आधी रक्तदाब पाहिला, लघवी तपासली आणि डोळ्यांपुढे अंधारी येते का, बरगड्यांखाली दुखते का हे विचारले. पाचव्या महिन्यानंतर डोके सारखे दुखत असेल तर गोळीने ते दाबण्याआधी रक्तदाब मोजायचा, हे मी तेव्हा शिकले. रक्तदाब ११०/७० होता. संध्याकाळी माझे दोन्ही पाय सुजतात, डावा घोटा जरा अधिक. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला, तो सारखाच भरला, आणि डाव्या घोट्याची जास्तीची सूज जुन्या मुरगळीची आहे असे कार्डावर लिहून खाली पुढची तारीख टाकली.